सर्व्हर जिवंत आहे, पण कोणाला कळतंय?

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रोटॉनच्या टकरींतून निघणाऱ्या माहितीचं विश्लेषण करायला लाखो प्रोसेसर कोअर राबत असतात. त्यांतले बरेचसे सर्नच्या स्वतःच्या, खासगी क्लाउडमध्ये आहेत. तो 2013 पासून ओपनस्टॅकवर चालतो. हे मुक्त सॉफ्टवेअर नासा आणि रॅकस्पेस यांनी 2010 मध्ये सुरू केलं.

शास्त्रज्ञाने ब्राउझरमधून सर्व्हर मागितला की काही मिनिटांत त्याला व्हर्च्युअल मशीन मिळतं, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने तयार केलेला संगणक. तेवढ्या वेळात पडद्यामागे बरंच घडतं. ओपनस्टॅकचे वेगवेगळे भाग कामं वाटून घेतात: कीस्टोन माणसाची ओळख तपासतं, ग्लान्स ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज (तयार प्रत) पुरवतं, न्यूट्रॉन नेटवर्क जोडतं आणि नोव्हा कोणत्या सर्व्हरवर जागा आहे ते ठरवतं. नोव्हाचे भाग एकमेकांना निरोप पाठवतात ते मेसेज क्यूमधून, म्हणजे निरोपांच्या रांगेतून, आणि सगळी नोंद डेटाबेसमध्ये राहते.

एवढी मांडणी अनुभवी माणूस अॅन्सिबल या स्वयंचलित मांडणीच्या साधनाच्या मदतीने एका दिवसात उभी करतो. खरी परीक्षा सर्व्हर वाढू लागले की सुरू होते. नोव्हाच्या मूळ सेटिंगनुसार प्रत्येक सर्व्हर दर 10 सेकंदांनी ‘मी चालू आहे’ असं कळवतो. 60 सेकंद निरोप आला नाही, तर तो बंद पडला असं धरलं जातं. समजा, सर्व्हर 8,000 आहेत. मग या एकाच कामासाठी सेकंदाला 800 निरोप आले, शिवाय बाकीची कामं वेगळी! मेसेज क्यू तुंबली की धडधाकट सर्व्हरही मेल्यासारखे दिसू लागतात, आणि नवी मशीन कुठे ठेवायची हेच नोव्हाला कळेनासं होतं.

यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण त्यात ताकद वाढवण्याऐवजी नुकसानीला कुंपण घातलं आहे. सर्नने आपला क्लाउड ‘सेल’मध्ये विभागला. एका सेलमध्ये साधारण 200 सर्व्हर, आणि प्रत्येक सेलला आपला डेटाबेस, आपली मेसेज क्यू. कोणतं मशीन कोणत्या सेलमध्ये आहे, एवढंच वरच्या थराला ठाऊक असलं तरी पुरतं. एका सेलची क्यू कोसळली तर तिथे नवी मशीन बनवणं आणि जुनी काढून टाकणं अडतं. बाकीच्या सेलना त्याची झळ लागत नाही. त्या सेलमध्ये आधीपासून चालू असलेली मशीनंही चालूच राहतात, कारण हुकूम देणारी यंत्रणा आणि गणित करणारी यंत्रणा वेगळ्या आहेत. क्लाउड सांभाळणाऱ्या माणसाने हा फरक आधी पक्का समजून घ्यावा. नाहीतर नियंत्रण यंत्रणेतल्या साध्या बिघाडात घाबरून सर्व्हरच रीबूट केले जातात आणि चालू असलेली कामं हकनाक जातात.

काही वेळा मात्र रीबूट टळत नाही. जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. त्यांतून एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीतलं वाचता येऊ शकत होतं. एकाच सर्व्हरवर अनेकांची मशीनं ठेवणाऱ्या क्लाउडला यापेक्षा गंभीर धोका कुठला? सर्नच्या चमूने नवा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बसवून आपल्या क्लाउडमधले सर्व्हर टप्प्याटप्प्याने, एकेक झोन (सर्व्हरचा स्वतंत्र गट) घेऊन रीबूट केले. अशा वेळी ज्यांनी आपल्या सेवेच्या दोन प्रती दोन वेगळ्या झोनमध्ये ठेवलेल्या असतात, त्यांची एक प्रत बंद असताना दुसरी काम करत राहते.