जपानमधलं देशी गेम कन्सोलचं वर्चस्व

जपानच्या घरगुती व्हिडिओ गेमच्या बाजारात निन्टेन्डो, सोनी आणि २००१ पर्यंत सेगा या जपानी कंपन्यांच्या मशीन्सनीच जवळजवळ सगळी जागा व्यापलीये, आणि परदेशी, म्हणजे मुख्यतः अमेरिकन मशीन्सना तिथे कधी नीट पाय रोवता आलेले नाहीत. साधारण १९८३-८५ पासून हे असंच चालत आलंय. याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स, पण ते जपानमध्ये आलं २००२ मध्ये, आणि खरा प्रश्न त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधीचा आहे.

कारणांबद्दल एकमत नाही. जपानी माणूस देशी मालच घेतो असं एक जुनं मत आहे, जे लोकांच्या बोलण्यात अजून सर्रास येतं. दुसरं मत आवडीचं, की जपानमध्ये आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गोष्टीवाले गेम, आणि गोंडस पात्रं चालतात आणि अमेरिकेत बंदुका. तिसरं मत असं की आवड नंतर बनली, आधी बनला तो बाजार, आणि तो बनत असताना समोर परदेशी स्पर्धक उरलाच नव्हता. पुरावे बघितले तर हे तिसरं मत जास्त टिकतं, म्हणून इथे त्यालाच जास्त जागा दिलीये.

१९८३ आणि त्याच्या आसपास

परदेशी मशीन्स जपानमध्ये मिळतच नव्हती असं बऱ्याचदा गृहीत धरलं जातं, ते बरोबर नाही. अमेरिकेच्या अटारीचं २६०० नावाचं मशीन एपॉक ही जपानी कंपनी आयात करून विकायची. अमेरिकेच्याच मॅटेलचं इंटेलिव्हिजन १९८२ मध्ये जपानच्या बान्दाईने आणलं, किंमत ४९,८०० येन, म्हणजे लहान मुलाच्या खेळण्यासाठी आईबाप सहज खर्च करतील अशी ती रक्कम नव्हती. कमोडोर या अमेरिकन कंपनीने त्याच वर्षी मॅक्स मशीन काढलं. अटारीने १९८३ मध्ये खास जपानसाठी २८०० नावाचं मॉडेल आणलं, ते २४,८०० येनला.

आणि मग १५ जुलै १९८३ ला क्योटोच्या निन्टेन्डोने फॅमिकॉम बाजारात आणलं १४,८०० येनला. १८८९ पासून हानाफुदाचे पत्ते बनवणारी ही कंपनी. त्याच दिवशी सेगाचं एसजी-१००० पण आलं १५,००० येनला, म्हणजे फॅमिकॉमची पहिली टक्कर देशी मशीनशीच होती, हे विसरून चालत नाही. निन्टेन्डोचे इंजिनियर मासायुकी उएमुरा यांच्या टीमने रिको कंपनीकडून चिप बनवून घेतली आणि डाँकी काँग हा गेम घरच्या टीव्हीवर जवळपास आर्केडसारखा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनसारखा दिसेल इतपत ताकद त्यात बसवली. अटारीचं २८०० आतून १९७७ चंच २६०० होतं, त्यामुळे दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी चालू असले तर कुठलं घ्यायचं हे शाळकरी पोरालाही कळलं असतं, त्यासाठी देशाभिमान लागत नाही.

फॅमिकॉमची सुरुवात काही निर्वेध नव्हती. पहिल्या लॉटच्या कंट्रोलरची ए आणि बी बटणं चौकोनी आणि रबरी होती, ती दाबली की अडकायची, कंट्रोलरची वायर मशीनलाच कायमची जोडलेली त्यामुळे नुसता कंट्रोलर बदलून घ्यायची पण सोय नाही. नंतर गोल, प्लास्टिकची बटणं आली. त्याहून मोठी अडचण म्हणजे काही मशीन्स खेळता खेळता हँग व्हायची, दोष चिपमध्ये होता, तेव्हा अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी माल परत बोलावून बोर्ड बदलून द्यायचा निर्णय घेतला. नवं मशीन आणि तरीही नुकसान सोसून माल परत घेणं, याने दुकानदारांचा जो विश्वास बसला त्याचा हिशोब विक्रीच्या आकड्यांत दिसत नाही पण पुढची सगळी इमारत त्यावर उभी आहे.

इकडे हे चालू असताना तिकडे अमेरिकेत १९८३ मध्ये व्हिडिओ गेमचा बाजारच कोसळला. अटारीची मालक असलेल्या वॉर्नरने १९८४ मध्ये अटारीचा घरगुती विभाग विकला, मॅटेलने त्याच वर्षी गाशा गुंडाळला, कोलेको ही तिसरी अमेरिकन कंपनी १९८५ मध्ये बाहेर पडली. म्हणजे जपानी मुलांची एक अख्खी पिढी गेम खेळायला शिकली त्या काळात दुकानात परदेशी मशीन म्हणून घ्यायला जवळपास काहीच नव्हतं. परदेशी नाकारलं असं म्हणायला आधी ते समोर असायला लागतं. एक्सबॉक्स येईपर्यंत ही पोकळी तशीच राहिली, मधे १९९४ मध्ये ३डीओ आलं, पण त्याचं डिझाइन अमेरिकन आणि बनवणारी कंपनी जपानची मात्सुशिता, त्यामुळे त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं हा वादाचाच मुद्दा.

(आपल्याकडे नव्वदीत घरोघरी जे कॅसेटवाले 'व्हिडिओ गेम' आले, कॉन्ट्रा आणि मारिओवाले, त्यातले बहुतेक या फॅमिकॉमच्याच नकला.)

गेम आणि वितरण

हडसन आणि नामको या दुसऱ्या जपानी कंपन्या १९८४ पासून फॅमिकॉमसाठी गेम बनवायला लागल्या. सप्टेंबर १९८५ मध्ये सुपर मारिओ ब्रदर्स आला, मे १९८६ मध्ये ड्रॅगन क्वेस्ट, ज्याचे कर्ते युजी होरी तेव्हा शोनेन जंप या मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या साप्ताहिकात गेमबद्दल लिहायचे आणि चित्रं काढणारे अकिरा तोरियामा त्याच साप्ताहिकाचे लाडके चित्रकार, त्यामुळे गेम, मांगा आणि टीव्हीवरचं अॅनिमे हे सगळं एकमेकांत गुंफलं गेलं आणि मुलाला मशीन बदलायचं म्हणजे ही सगळी मंडळी सोडायची असं झालं. १० फेब्रुवारी १९८८ ला ड्रॅगन क्वेस्ट ३ आला, तो बुधवार होता, आणि मुलं शाळा बुडवून रांगेत उभी राहिली. यानंतर सरकारने कायदाच केला की हा गेम कामाच्या दिवशी काढायचा नाही, असं जगभर सांगितलं जातं, ती दंतकथा आहे, असा कायदा नाही.

वितरणाकडे अभ्यासकांचं लक्ष कमी गेलंय. निन्टेन्डोचा माल शोशिनकाई नावाच्या खेळण्यांच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या संघटनेमार्फत जायचा, आणि ज्याची या साखळीत ओळख नाही त्याला दुकानाच्या फळीवर जागा मिळवणं अवघड. डिसेंबर १९९४ मध्ये प्लेस्टेशन आणताना सोनीने ही साखळी बाजूला ठेवून थेट दुकानांशी व्यवहार केला, सीडी स्वस्तात आणि झटपट छापून मिळायची म्हणून ते जमलंही. पण सोनीकडे देशभर पसरलेला संगीताच्या धंद्याचा अनुभव होता, बाहेरून येणाऱ्याकडे तो कुठून असणार.

एक्सबॉक्स

२२ फेब्रुवारी २००२ ला टोकियोतल्या शिबुयामध्ये बिल गेट्स स्वतः हजर असताना एक्सबॉक्स आलं, ३४,८०० येनला. मशीन अवजड होतं, पण अमेरिकन कंट्रोलर फार मोठा म्हणून जपानसाठी लहान कंट्रोलर बनवला होता, तो इतका बरा निघाला की पुढे जगभर तोच दिला गेला. सुरुवातीलाच डिस्कवर ओरखडे पडतात अशा तक्रारी आल्या, कंपनीने दुरुस्तीची तयारी दाखवली पण तोवर बोभाटा झाला होता. जपानमधली एकूण विक्री पाच लाखांच्या आतच राहिली.

पुढचं एक्सबॉक्स ३६० हे या विषयातलं सगळ्यात बोलकं प्रकरण. मायक्रोसॉफ्टने फायनल फँटसी या गाजलेल्या आरपीजी मालिकेचे जनक हिरोनोबू साकागुची यांच्याकडून ब्लू ड्रॅगन आणि लॉस्ट ओडिसी हे गेम करून घेतले, २००८ मध्ये टेल्स ऑफ व्हेस्पेरिया हा जपानी आरपीजी आला तेव्हा मशीन काही काळ दुकानातून संपलं पण होतं. म्हणजे हवा तो गेम दिला की जपानी ग्राहक अमेरिकन मशीन घ्यायचा. तरी एकूण आकडा सोळा लाखांच्या आसपासच थांबला, कारण असे गेम सलग येत राहिले नाहीत. एक्सबॉक्स वन जपानमध्ये ४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं, अमेरिकेनंतर नऊ महिन्यांहून जास्त उशिरा, आणि साधारण सव्वा लाखाच्या आतच आटोपलं.

देशीपणा पुरतो का

नुसतं जपानी असणं पुरेसं असतं तर एनईसीचं पीसी-एफएक्स, सेगाचं ड्रीमकास्ट किंवा खुद्द निन्टेन्डोचं वी यू घरच्या बाजारात पडलं नसतं. उलट बाजूने, ज्या देशात देशी मोबाइल कंपन्यांची रेलचेल होती तिथे आयफोन सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या फोनमध्ये जाऊन बसला. नॉटी डॉग या अमेरिकन कंपनीचा क्रॅश बँडिकूट हा गेम नव्वदीत तिकडे धडाक्यात खपला, आणि माइनक्राफ्ट, जो २०१४ पासून मायक्रोसॉफ्टचाच आहे, तो जपानी मुलं निन्टेन्डोच्या स्विचवर खेळतात, तिथे त्याच्या दुकानातून विकलेल्या डब्यातल्या प्रतीच तीस लाखांच्या पुढे गेल्यात. मायक्रोसॉफ्टचा गेम चालतो, मायक्रोसॉफ्टचं मशीन नाही, यावर देशाभिमानवाल्या मताकडे उत्तर नाही.

सवयीचा भाग मात्र खरा आहे. जपानमध्ये ○ म्हणजे बरोबर आणि × म्हणजे चूक, त्यामुळे तिथल्या प्लेस्टेशनवर 'हो' साठी ○ दाबायचं, बाकी जगात बहुतेक ठिकाणी ×. २०२० मध्ये पीएस५ आणताना सोनीने जपानमध्येही 'हो' ला × केलं आणि तिथल्या जुन्या खेळाडूंना ते फार खटकलं. त्याआधी पीएस४ अमेरिकेत नोव्हेंबर २०१३ ला आलं आणि जपानला फेब्रुवारी २०१४ ला, आणि २०१६ पासून सोनीच्या प्लेस्टेशन कंपनीचं मुख्यालय कॅलिफोर्नियात आहे, त्यामुळे प्लेस्टेशनला आता देशी म्हणावं का हा प्रश्न गंभीरपणे विचारला जातो.

हातातली मशीन्स हा वेगळा विषय आहे, इथे एवढंच की निन्टेन्डोच्या डीएस आणि स्विच या दोन्हींनी एकट्या जपानमध्ये तीन कोटींचा टप्पा पार केला, आणि त्या प्रकारात एक्सबॉक्सने बराच काळ काहीच दिलं नाही. ५ जून २०२५ ला आलेल्या स्विच २ चं फक्त जपानी भाषेत चालणारं मॉडेल सुरुवातीला ४९,९८० येनला होतं, सगळ्या भाषांचं ६९,९८० येनला. येन घसरलेला असताना घरच्या ग्राहकाला वीस हजारांचा फरक देणं निन्टेन्डोला परवडलं, कारण तिथला ग्राहकवर्ग तेवढा मोठा आहे.