जुन्या प्लॅस्टिकला वेग कळतो

माझ्या रिमोटच्या बग्गीच्या चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, पुढच्या स्क्रूच्या भोकापासून निघालेली एक पांढरी रेघ आहे. करंगळीच्या नखाएवढी लांब. बोट फिरवलं तर हाताला लागत नाही, खिडकीच्या उजेडात चेसिस तिरकी धरली तरच दिसते. ती रेघ कधी आली तेही मला आठवतं. काकांनी मस्कतहून ही रिमोटची गाडी आणली त्याच वर्षी, अंगणातल्या तुळशी वृंदावनाच्या कट्ट्यावर मी ती भरधाव आदळली होती. मार खाईन म्हणून कुणाला सांगितलं नाही. पुढे गाडी माळ्यावर गेली आणि पंचवीसेक वर्षं तिथेच राहिली.

दिवाळीच्या आवराआवरीत ती खाली उतरवली, तेव्हा मुलीने पहिला प्रश्न विचारला, "बाबा, चालते का ही?" त्याच संध्याकाळी जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका मित्राचा फोन आला आणि तो कळवळून म्हणाला, "चालवू नकोस रे, आता असं प्लॅस्टिक मिळायचं नाही." दोघांचंही मला पटत होतं. तेव्हापासून हे प्लॅस्टिक नक्की कशाने मरतं, याचा मी मागोवा घेतो आहे.

आधी या गाड्यांविषयी थोडं. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रिमोट कंट्रोल गाडी बाजारात आणली. त्या मॉडेलसाठी कंपनीच्या शुनसाकू तामिया यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन तिचा सांगाडा मोकळा केला होता, इतकी त्यांना तपशिलाची आस. १९७९ मध्ये वाळूत पळणारी सँड स्कॉर्चर आली आणि १९८४ मध्ये ग्रासहॉपर आणि हॉर्नेट ही जोडी. घरी बसून स्क्रू आवळत बांधायच्या, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या या बग्ग्यांनी जगभरातल्या मुलांना यंत्र म्हणजे काय ते हातात दिलं. त्याच वर्षी अमेरिकेत टीम असोसिएटेड या कंपनीची आरसी१० आली, सोनेरी ॲल्युमिनियमची चेसिस असलेली, शर्यतीसाठीच जन्मलेली. चाळीस वर्षं उलटली आहेत, आणि त्या काळातल्या ज्या गाड्या उरल्या आहेत त्यांच्या मालकांना आता ठरवावं लागतं: पळवायची की जपायची.

त्या पांढऱ्या रेघेकडे परत येतो, कारण सगळी गोष्ट तिच्यात आहे.

अशा बऱ्याच बग्ग्यांची चेसिस एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची असते. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन या तिघांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. यातला स्टायरीन-ॲक्रिलोनायट्राइलचा भाग कडक, पण ठिसूळ. त्यात ब्युटाडाइन रबराचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात, चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे, फक्त इथे दाणे मऊ आणि पाक कडक. धक्का बसला की कडक भागात केसाहून कितीतरी बारीक भेगा पडायला लागतात. भेग पुढे सरकते आणि तिला रबराचा कण आडवा येतो. कण ताणला जातो, ऊर्जा गिळतो, भेग तिथेच थांबते. अशा हजारो थांबलेल्या भेगांवरून उजेड विखुरतो, म्हणून ती जागा पांढरी दिसते. माझ्या चेसिसवरची रेघ ही मोडलेली जागा नाही, मोडता मोडता वाचलेली जागा आहे. त्या दिवशी रबराने आपलं काम चोख केलं होतं.

मग आज तीच चेसिस कट्ट्यावर आदळली तर? इथे काळ मध्ये येतो. ब्युटाडाइनच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि ऑक्सिजनला ते फार आवडतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी या हल्ल्याला जोर चढतो. रबराच्या कणांचं ऑक्सिडीकरण होतं, ते आपली लवचीकता हरवून बसतात. जुन्या कॉम्प्युटरचे, मिक्सरचे पांढरे सांगाडे पिवळे पडतात, त्यामागेही मोठ्या प्रमाणात हेच असतं. दिलासा एवढाच की हे मुख्यतः पृष्ठभागावर घडतं. आतलं प्लॅस्टिक बऱ्यापैकी शाबूत असतं, वरची एक पातळ त्वचा तेवढी बिस्किटासारखी खुसखुशीत होते. पण घात तिथेच होतो. एकदा त्या त्वचेत भेग पडली की तिचं टोक टाचणीसारखं तीक्ष्ण असतं, सगळा ताण त्या टोकाशी गोळा होतो आणि चांगल्या प्लॅस्टिकमध्येही भेग घुसत जाते. कापडाच्या कडेला कात्रीने छोटी चीर दिली की दुकानदार पुढचं हाताने टर्रकन फाडतो, तसंच.

'नुसती ठेवली तर सुरक्षित राहील' हे म्हणणं यामुळेच मला पुरेसं वाटत नाही. कपाटातही घड्याळ चालूच असतं. रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की बऱ्याचशा अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. आपल्याकडे जुन्या वस्तू ठेवायची हक्काची जागा म्हणजे माळा, आणि मे महिन्यात स्लॅबखालच्या माळ्यावर काय तापतं ते हात लावून पाहावं. खालच्या खोलीतल्या लाकडी कपाटात तीच गाडी कितीतरी सावकाश म्हातारी होईल. त्यात आपण प्रेमाने डांबर गोळ्या टाकतो. त्यांची वाफ काही प्लॅस्टिकांना मऊ करते, म्हणून त्या खोक्यात नकोतच. साफसफाईसाठी पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको. ताणाखाली असलेल्या एबीएसला असा द्रव लागला की एकही धक्का न बसता त्याला तडे जाऊ शकतात, आणि स्क्रू घट्ट आवळलेली प्रत्येक जागा ताणाखालीच असते. साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो.

टायरचीही तीच कथा. रबर टिकाऊ व्हावं म्हणून गंधकाने त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. ऑक्सिजनच्या संगतीने अशा नव्या गाठी वर्षानुवर्षं पडत राहतात आणि टायर दगडासारखा होत जातो. हवेतला ओझोन तर नेमका ताणलेल्या जागी चावा घेतो, म्हणून रिमवर चढवलेल्या टायरच्या बगलेत बारीक चिरा दिसतात. शिवाय गाडी वर्षानुवर्षं चाकांवर उभी असेल तर टायरचा खालचा भाग चपटा होऊन तसाच राहतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आत विसरलेली बॅटरी. निकेल-कॅडमियमच्या जुन्या सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं आणि तांब्याच्या तारा, टोकं, पट्ट्या खाऊन टाकतं. माझ्या गाडीच्या बॅटरीच्या खाच्यात पांढरी पूड साचली होती. तारेचं आवरण सोललं तर आत लालसर तांब्याच्या जागी काळी-हिरवी माती निघाली. पंचवीस वर्षांत गाडी एक फूटही पळाली नव्हती, तरी ही अवस्था.

म्हणजे मुलीचं खरं, बिनधास्त पळवावी? तेही नाही. आणि इथेच मला या विषयातली सगळ्यांत सुंदर गोष्ट सापडली.

गाडी भिंतीवर आदळते तेव्हा प्लॅस्टिकला किती ऊर्जा पचवावी लागते याचा हिशेब सोपा आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने आदळणं म्हणजे साधारण दीड मीटर उंचीवरून जमिनीवर पडणं. मूळच्या साध्या मोटरवर ग्रासहॉपर जेमतेम एवढ्याच वेगाने धावते. वेग दुप्पट केला, ताशी ४०, तर ऊर्जा चौपट होते: सहा मीटरवरून पडल्यासारखं, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. आजची ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी बसवून ताशी ६० गाठले तर ती उंची १४ मीटर होते. चाळीस वर्षांची गाडी चौथ्या मजल्यावरून कुणी जाणूनबुजून खाली टाकणार नाही. पण मोटर बदलून नेमकं तेच केलं जातं.

हा झाला ऊर्जेचा भाग. त्याहून महत्त्वाचं असं की प्लॅस्टिक धातूपेक्षा फार वेगळं वागतं. ते लांबलचक साखळ्यांचं गुंतवळ असतं. हळूहळू जोर लावला तर साखळ्यांना एकमेकींवरून सरकायला वेळ मिळतो, वस्तू वाकते आणि परत येते. तोच जोर क्षणार्धात लावला तर सरकायला वेळच नसतो, मग साखळ्यांच्या जागी वस्तूच तुटते. रबराचे कण म्हातारे झालेल्या एबीएसला तर ही सवड आणखी जास्त लागते. म्हणून जोराने चालवणं म्हणजे हळू चालवण्याचीच थोडी वाढीव मात्रा, असं जुन्या प्लॅस्टिकच्या बाबतीत म्हणता येत नाही. मातीवरून डुलत जाणाऱ्या बग्गीत चाकांना धरणारे जे आर्म वाकतात, तेच उडी मारून आपटल्यावर काडकन मोडतात. चालण्याला ही गाडी घाबरत नाही, ती आदळण्याला घाबरते.

ग्रासहॉपर आणि हॉर्नेट शेजारी ठेवून पाहिल्या तर पदार्थाचा स्वभाव समोरच दिसतो. दोघींची चेसिस जवळपास एकच, पण ग्रासहॉपरची बॉडी साच्यातून काढलेली, कडक प्लॅस्टिकची. हॉर्नेटची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या पातळ पत्र्याची, रंग आतून मारलेला. १९५३ मध्ये हर्मान श्नेल आणि डॅनियल फॉक्स या दोघांनी स्वतंत्रपणे शोधलेलं हे पॉलिकार्बोनेट दणका खाऊन आत जातं आणि पुन्हा बाहेर येतं. कडक बॉडीला ते जमत नाही, म्हणून जुनी ग्रासहॉपर उलटली की आधी कोपरे जातात. पॉलिकार्बोनेटही अमर नाही. स्क्रू सुटू नये म्हणून लावायचं लॉकिंग द्रव्य किंवा एखादं चुकीचं सॉल्व्हंट लागलं की त्याला जाळीदार तडे जातात.

नायलॉनची गंमत तर स्वयंपाकघरात करून बघण्यासारखी आहे. बऱ्याच गाड्यांचे सस्पेन्शन आर्म नायलॉनचे असतात आणि नायलॉन पाणी पितं. त्याच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाण्याचे रेणू मध्ये शिरून ती पकड सैल करतात आणि साखळ्या मोकळ्या हलायला लागतात. अगदी कोरडं नायलॉन-६ साधारण ५० अंशांखाली काचेसारखं ताठ असतं, पाणी मुरलं की खोलीच्या तापमानालाही लवचीक होतं. म्हणून जुने शौकीन आर्म पाण्यात उकळतात. मीही उकळले, चहाच्या जुन्या पातेल्यात, अर्धा तास मंद आचेवर. आधी वाकवताना करकरणारा आर्म नंतर बोटांत मुकाट वाकला. मात्र ऑक्सिडीकरणाने ज्या साखळ्या तुटल्या आहेत त्या पाण्याने जुळत नाहीत. आपल्या पावसाळ्यात हे काम हवाच करून टाकते, हा कोकणातल्या मंडळींचा फायदा. त्याच हवेत स्क्रू गंजतात, हा तोटा.

माझं मत असं झालं आहे. खोकं न उघडलेली, स्क्रूही न लागलेली गाडी असेल तर ती तशीच राहू द्यावी. त्या काळचं प्लॅस्टिक, स्टिकरचा डिंक, छपाई, सगळ्याची ती साक्ष आहे आणि एकदा बांधली की ती साक्ष पुसली जाते. ज्यांना उड्या मारायच्या आहेत त्यांनी नवी घ्यावी: तामियाने २००४ मध्ये हॉर्नेट आणि २००५ मध्ये ग्रासहॉपर पुन्हा बाजारात आणली, बांधणी तीच आणि प्लॅस्टिक ताजं. ते मोडलं तर भाग मिळतो. पण लहानपणी पळालेली, ओरखडे असलेली जुनी गाडी नुसती काचेमागे ठेवणं मला तिच्यावर अन्याय वाटतो. मोठ्या जुन्या मोटारी जपणाऱ्यांच्या जागतिक महासंघाने २०१२ च्या ट्युरिन सनदेत वाहनाचा वापर हाही त्याच्या वारशाचा भाग मानला आहे, आणि जो बदल कराल तो कमीत कमी आणि पुन्हा उलटवता येईल असा करा, असं सांगितलं आहे. दीड किलोच्या बग्गीलाही हे तंतोतंत लागू आहे.

त्या हिशेबाने मी जुने टायर काढून पाकिटात ठेवले आणि नवे चढवले. रिमोटचा सिग्नल पकडणारा २७ मेगाहर्ट्झचा मूळ रिसीव्हर जपून ठेवला आणि चालवायला आजचा २.४ गिगाहर्ट्झचा लावला, कारण सिग्नल तुटला तर गाडी सरळ भिंतीकडेच जाते. गिअरबॉक्स उघडला तर आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं होतं. तसंच चालू केलं असतं तर प्लॅस्टिकच्या गिअरचे दातच गेले असते. लिथियम बॅटरी मुद्दाम टाळली: तिचा एक सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो आणि जुन्या यांत्रिक स्पीड कंट्रोलरला ते कळायची सोय नाही. निकेल-मेटल हायड्राइडचा ७.२ व्होल्टचा पॅक तिला मानवतो.

मोटर पहिल्यांदा फिरवली ती दोन पेन्सिल सेलवर, फक्त ३ व्होल्ट. आधी काहीच नाही. मग शाफ्टला बोटाने जरा ढकललं, कार्बनचे ब्रश खरखरले, एक ठिणगी दिसली आणि हळूहळू आवाज गुळगुळीत होत गेला. पाच मिनिटं ती तशीच फिरू दिली. खोलीत ओझोनचा तो तिखट वास पसरला आणि मी थेट अंगणात जाऊन पोचलो.

आता महिन्यातून एक रविवार, सकाळी, सोसायटीमागच्या मोकळ्या मातीत ती निघते. कट्टे, दगड, पायऱ्या लांब ठेवून. रिमोट मुलीच्या हातात असतो आणि पूर्ण वेग फक्त मैदानाच्या मधोमध, हा आमच्यातला करार आहे. पॅक संपला की मी बॅटरी काढतो, धूळ कोरड्या ब्रशने झाडतो, चाकं अधांतरी राहतील अशी गाडी लाकडी ठोकळ्यावर ठेवतो. आणि चेसिस खिडकीशी तिरकी धरून ती पांढरी रेघ बघतो. तिच्या टोकाशी मी पेन्सिलने एक बारीक खूण केली आहे. अजून तरी रेघ खुणेच्या अलीकडेच आहे.