कार्यकर्ता-गट : उद्योगांचे अपारंपरिक स्पर्धक

नफ्यासाठी माल न विकताही एखाद्या उद्योगसंस्थेचे ग्राहक, भांडवल किंवा लोकमान्यता हिरावून तिला धोरण बदलायला लावणारे संघटित गट. निदर्शने, याचिका, भागधारकांच्या सभेतील ठराव ही त्यांची साधने सर्वपरिचित आहेत.

‘स्पर्धक’ या संज्ञेबद्दल एकमत नाही. रूढ अर्थशास्त्रात स्पर्धक म्हणजे त्याच गिऱ्हाइकाला पर्यायी माल देणारा. व्यवस्थापनशास्त्रज्ञ मायकेल पोर्टर यांच्या १९७९ च्या, उद्योगातील स्पर्धा ठरवणाऱ्या पाच शक्तींच्या मांडणीत अशा गटांना वेगळे स्थान नाही. शासनाला वळसा घालून थेट कंपनीशी चालणाऱ्या या संघर्षाला अभ्यासक डेव्हिड बॅरन यांनी ‘खाजगी राजकारण’ म्हटले. ही संज्ञा अधिक काटेकोर आहे. तथापि काही प्रसंगी ‘स्पर्धक’ हा शब्द अक्षरशः लागू पडतो.

अशा गटांच्या उगमाचा प्रश्नही वादाचा आहे. पुष्कळदा तो आयर्लंडमधील १८८० च्या घटनेशी जोडला जातो. मेयो परगण्यातील जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्याशी कुळांनी व शेजाऱ्यांनी सर्व व्यवहार तोडले आणि त्याचे आडनावच इंग्रजीत बहिष्काराचा शब्द होऊन बसले. परंतु तेथे रोख व्यक्तीवर होता, मालावर नव्हे. मराठीतील ‘वाळीत टाकणे’ त्याला अधिक जवळचे. त्यामुळे आरंभ १७९१ च्या सुमारास धरणे सयुक्तिक वाटते. गुलामांचा व्यापार थांबवण्याचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेने त्या वर्षी फेटाळल्यावर अनेक कुटुंबांनी गुलामांच्या श्रमावर पिकणारी वेस्ट इंडीजची साखर सोडली. टॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाने अशी माणसे सुमारे ३ लाख होती; ते स्वतः चळवळीतले असल्याने हा आकडा जपूनच घ्यावा.

प्रत्यक्ष बाजारात उतरण्याचे ठळक उदाहरण जर्मनीतील शीतकपाटांचे. शीतकपाटांत वापरले जाणारे, ओझोनच्या थराला घातक क्लोरोफ्लुरोकार्बन वायू मॉन्ट्रियल करारानुसार (१९८७) हटवायचे ठरले, तेव्हा मोठे उत्पादक एचएफसी-१३४ए या वायूकडे वळले. तो ओझोनला निरुपद्रवी, पण तापमानवाढीस पोषक. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने १९९२ मध्ये, बंद पडण्याच्या बेतात असलेल्या पूर्व जर्मनीतील एका कारखान्याकडून (पुढे फोरॉन) प्रोपेन व ब्यूटेनच्या मिश्रणावर चालणारी शीतकपाटे बनवून घेतली आणि त्यांसाठी हजारो आगाऊ मागण्या जमवल्या. हे वायू ज्वालाग्राही असल्याचा इशारा प्रतिस्पर्ध्यांनी दिला. कपाटात मात्र ते अगदी थोडे लागतात. लवकरच त्याच प्रतिस्पर्ध्यांनी अशा हायड्रोकार्बन वायूंवर चालणारी कपाटे बाजारात आणली. फोरॉनचे १९९६ मध्ये दिवाळे निघाले, तंत्र मात्र टिकले.

१९८३ मध्ये जाहीर झालेला रिचर्ड स्टॉलमन यांचा मुक्त सॉफ्टवेअर घडवणारा ग्नू प्रकल्प आणि १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेली न्याय्य व्यापाराची (उत्पादकांना रास्त भाव देणाऱ्या मालावरील) ‘मॅक्स हावेलार’ मोहोर हीही याच जातीची उदाहरणे होत.

अशा गटाचे भांडवल म्हणजे विश्वासार्हता, आणि तीही घटते. ‘ब्रेंट स्पार’ हा उत्तर समुद्रातील तेलसाठ्याचा तरंगता मनोरा खोल समुद्रात बुडवण्याचा बेत शेल कंपनीने बहिष्कारामुळे जून १९९५ मध्ये सोडला. मनोऱ्यात उरलेल्या तेलाचा आपला अंदाज चुकल्याबद्दल ग्रीनपीसने त्याच वर्षी माफी मागितली, पण कंपनीचा निर्णय बदलला नाही. मनोऱ्याचे कापलेले भाग पुढे नॉर्वेतील एका धक्क्याच्या पायात वापरण्यात आले.