घड्याळ साडेपाच तास मागे? सेल बदलायची घाई नको

"कॉम्प्युटरवर विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्यावर घड्याळ मागे पडलं, म्हणजे मदरबोर्डचा सेल गेला." हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. सेल संपल्यावरही वेळ चुकतेच, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. पण नागपूरच्या बर्डी बाजारातून नवा सेल आणून बसवला तरी हा फरक जात नाही.

आधी फरक किती ते बघा. नागपुरात सकाळचे १० वाजलेत आणि विंडोज ४:३० दाखवतंय? नेमका साडेपाच तासांचा फरक सेलमुळे पडत नाही. मदरबोर्डवरचं घड्याळ एकच असतं. लिनक्स त्यात यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं. आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहोत.

खात्री करायची तर लिनक्समधून रीस्टार्ट करून थेट बायोस, म्हणजे सिस्टिम सुरू होण्याआधीचा मदरबोर्डचा सेटिंग्जचा स्क्रीन, उघडा. तिथे ४:३०, पण तारीख बरोबर? मग सेल ठणठणीत आहे. सेल संपला असेल, तर वीज काढून ठेवल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, बायोसच्या सेटिंग्जही पुसल्या जातात.

उपाय फुकट आहे: लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल (timedatectl) कमांडने हार्डवेअर घड्याळ, म्हणजे मदरबोर्डवरचं घड्याळ, स्थानिक वेळेवर ठेवा. उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणाऱ्या देशांत यामुळे गोंधळ होतो. आपल्याकडे ती पद्धतच नाही.