कर्नेलमधील मेमरी-वाचनाच्या सुधारणेची छाननी

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, मेमरीतली माहिती लवकर हाती यावी म्हणून केलेला दोन-चार ओळींचा बदल स्वीकारण्याआधी पारखून घेण्याची पद्धत. ओळी थोड्या असल्या तरी त्या सेकंदाला लाखो वेळा चालू शकतात, म्हणून ही चिकित्सा.

प्रोसेसरला सर्वांत जवळच्या कॅशमधून (प्रोसेसरलगतच्या छोट्या, वेगवान मेमरीतून) माहिती साधारण १ नॅनोसेकंदात मिळते. मुख्य मेमरीपर्यंत जावे लागले तर १०० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात. सोलापुरात हे यंत्रमागावरून चटकन कळते. धोट्यातली कांडी संपली की माग थांबतो. भरलेल्या कांड्या शेजारच्या पेटीत असल्या तर ठीक. कांडी मशीनपर्यंत जावे लागले तर चादर तिथेच अडकते. पेटी म्हणजे कॅश. एक्स८६ प्रोसेसर या पेटीत एकेक कांडी आणत नाही, ६४ बाइटची अख्खी ओळ आणतो. त्यामुळे एकत्र वाचली जाणारी फील्ड्स (माहितीचे कप्पे) स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे त्यांच्या गठ्ठ्यात, शेजारी ठेवणे हा यातला सर्वांत साधा उपाय. मात्र प्रोसेसरचे दोन कोअर (स्वतंत्र काम करणारे भाग) एकाच ओळीत लिहू लागले, की ती ओळ दोघांमध्ये हेलपाटे घालते.

प्रीफेच म्हणजे पुढची कांडी आधीच मागवणे. इथे मात्र गंमत आहे. चादरीच्या नक्षीचे जॅकार्ड पुठ्ठे एकामागोमाग ओवलेले असतात; पुढचा कोणता, हे ठरलेले. अ‍ॅरे (मेमरीत सलग मांडलेली माहिती) तसाच, त्यामुळे हार्डवेअर स्वतःच अंदाज बांधते. लिंक्ड लिस्टमध्ये (प्रत्येक घटकात पुढच्याचा पत्ता असलेल्या साखळीत) पुढचा पत्ता हातातला घटक वाचल्याशिवाय कळत नाही. लिनक्स कर्नेलच्या लिस्ट मॅक्रोंमध्ये (लिस्ट चाळण्याच्या तयार कोडमध्ये) म्हणूनच वर्षानुवर्षे प्रीफेच होते. २०११ मध्ये मोजून पाहिले, तेव्हा उलटेच निघाले. हॅश टेबलातल्या (माहिती अनेक छोट्या लिस्टांत वाटून ठेवणाऱ्या रचनेतल्या) साखळ्या बहुधा एक-दोन घटकांच्या. शेवटच्याचा ‘पुढचा’ पत्ता शून्य. शून्याचे प्रीफेच केल्याने प्रोग्रॅम कोसळत नाही, पण काही प्रोसेसर दर वेळी तो पत्ता पेज टेबलात (मेमरीच्या पत्त्यांच्या नोंदवहीत) शोधत बसत. प्रीफेच काढल्यावर कर्नेल किंचित वेगवान झाला.

तेव्हापासून प्रीफेचची भर दिसली की परीक्षक आधी आकडे मागतो: कोणता प्रोसेसर, कोणते काम, किती वेळा चालवले? वाचन लॉकच्या (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाच्या) आधी तर सरकले नाही ना, हेही तो पाहतो. मग बदलाआधीचा आणि नंतरचा असेंब्ली कोड (कंपायलर या भाषांतरकार प्रोग्रॅमने प्रोसेसरसाठी तयार केलेल्या सूचना) समोरासमोर ठेवतो. कधीकधी दोन्ही अगदी सारखे निघतात: कंपायलरने ते काम आधीच केलेले असते.