टॅन डेल्टापासून पिकोकूलॉमपर्यंत: केबलमधला डिस्चार्ज पकडण्याची पार्श्वभूमी

हाय व्होल्टेज केबल फुटते तेव्हा सुरुवात बहुधा इन्सुलेशनमधल्या हवेच्या बारीक पोकळीपासून झालेली असते. एक्सएलपीई (क्रॉस-लिंक्ड पॉलिएथिलीन) हे केबलच्या इन्सुलेशनचं प्लास्टिक. त्याची परमिटिव्हिटी, म्हणजे विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठवण्याची क्षमता, हवेच्या साधारण 2.3 पट. त्यामुळे चपट्या पोकळीतल्या हवेवर भोवतालच्या प्लास्टिकच्या दुपटीहून जास्त विद्युत ताण येतो, आणि हवा तर प्लास्टिकच्या कितीतरी आधी हार खाते. दर सायकलला ठिणग्या पडतात, पोकळीची भिंत कुरतडली जाते. हाच पार्शल डिस्चार्ज, म्हणजे पीडी.

जुन्या कागदी केबलमध्ये (इन्सुलेशन तेलकट कंपाउंड मुरवलेल्या कागदाचं) पोकळी वापरातून तयार व्हायची. लोड वाढला की कंपाउंड फुगायचं, शिशाचं आवरण ताणलं जायचं. केबल थंडावली की कंपाउंड आकसायचं, शिसं मात्र ताणलेलंच राहायचं. पिरेली या इटालियन कंपनीच्या लुइजी इमान्युएली यांनी पातळ तेल दाबाखाली ठेवून पोकळीला जागाच ठेवली नाही. 1927 मध्ये शिकागो आणि न्यूयॉर्कला अशा 132 केव्हीच्या केबल पडल्या. डिस्चार्ज ओळखायला शेरिंग ब्रिज हे मोजमापाचं सर्किट होतं. ते टॅन डेल्टा, म्हणजे इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचं प्रमाण, दाखवायचं. व्होल्टेज चढवताना टॅन डेल्टा एका टप्प्यावर वर वळला, की डिस्चार्ज सुरू झाला असं धरायचं.

एक्सएलपीईने ही पद्धत आंधळी केली. टॅन डेल्टा ही अख्ख्या केबलची सरासरी. कागदात पोकळ्या असंख्य, म्हणून आकडा हलायचा. एक्सएलपीईला एकच पोकळी मारू शकते आणि तिने आकडा जागचा हलत नाही. मग ठिणगीतून निघणारा विजेचा एकेक पल्स पकडणं आलं. 1968 च्या आयईसी 270 या आंतरराष्ट्रीय मानकाने त्याची मोजणी पिकोकूलॉममध्ये (विद्युतभाराचं एकक असलेल्या कूलॉमचा एक लाख कोटीवा भाग) बसवली. कॅलिब्रेशन सोपं: 100 पिकोफॅरडमधून 1 व्होल्टची स्टेप दिली की 100 पिकोकूलॉम. केबल बदलली की कपॅसिटन्स बदलते, म्हणून हे दर वेळी नव्याने करायचंच.

फॅक्टरीत 6.35/11 केव्ही केबलला (कंडक्टर ते जमीन 6.35, दोन फेजमध्ये 11) आधी 12.7 केव्ही 10 सेकंद देतात, मग 11 केव्हीवर उतरवून वाचन घेतात. कारण पोकळीतला डिस्चार्ज पेटायला जास्त व्होल्टेज लागतं, पेटल्यावर तो कमी व्होल्टेजवरही टिकतो.

साइटवर जागाही शोधावी लागते. एक्सएलपीईत पल्स मायक्रोसेकंदाला सुमारे 170 मीटर धावतो. 500 मीटरच्या केबलवर एका टोकाला मोजताना थेट आलेला पल्स आणि पलीकडच्या टोकावरून परतलेला पल्स यांत 2 मायक्रोसेकंद असतील, तर दोष त्या टोकापासून 170 मीटरवर. लांब केबलमध्ये परतणारा पल्स इन्सुलेशनलगतच्या सेमीकॉन (अर्धवाहक) थरात विरतो. मग दोन्ही टोकांना मोजावं लागतं.

दोष निघतो तो पुष्कळदा जॉइंटमध्ये: सेमीकॉन सोलताना ब्लेड खोल गेलं, एक्सएलपीईवर गोल चरा पडला आणि त्यात हवा राहिली. जॉइंट साइटवर बनतो, त्यामुळे फॅक्टरीच्या टेस्टमध्ये हा चरा दिसणं शक्यच नसतं.