एमसीबी बसवला, म्हणून मोटर वाचली असं नाही

लेथसाठी ५ एचपीची थ्री-फेज मोटर, भिंतीवर चिनीमातीचे तीन किटकॅट फ्यूज. अशी वर्कशॉप आजही पुष्कळ दिसतात. फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणीतरी जाड तार गुंडाळलेली असते. मग एक दिवस वायरमन येतो, किटकॅट काढून एमसीबी (करंट जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) लावतो आणि मालकाला वाटतं, आता मोटरची काळजी मिटली. हा गैरसमज मोटर जाळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एमसीबी राखण करतो ती वायरची. मोटरची राखण स्टार्टरमधल्या, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीतल्या, ओव्हरलोड रिलेकडे असते. दोघेही 'ट्रिप' होतात, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात.

आकडेच बघा. ४१५ व्होल्टवर ५ एचपीची मोटर पूर्ण लोडला साधारण ७.५ अँपिअर घेते. पण थेट चालू करताना पहिले काही क्षण त्याच्या सहापट, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास ओढते. सी-कर्व्ह प्रकारचा एमसीबी त्याच्या रेटिंगच्या ५ ते १० पट करंटला झटक्यात तुटतो. १० अँपिअरचा लावला तर ५० लाच पडू शकतो, म्हणजे चालू करतानाच तुटण्याची धास्ती. म्हणून वायरमन १६ चा लावतो आणि वायर त्याला साजेशी असेल तर ते बरोबरच आहे.

आता एक फेज गेला असं धरा. किटकॅटमध्ये एकच तार उडाली की हेच व्हायचं. लोडवरची मोटर थांबत नाही, घुमत चालत राहते आणि उरलेल्या दोन फेजांतून साधारण पावणेदोन पट, म्हणजे १३ अँपिअर ओढते. १६ च्या एमसीबीला १३ म्हणजे काहीच नाही, तो तसाच बसून राहतो. वाइंडिंग मात्र तापत जातं, वार्निशचा वास येतो आणि मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे जाते. तीन पोलचा एमसीबी तुटताना तिन्ही फेज एकदम तोडतो, हा किटकॅटपेक्षा मोठा फायदा. पण फेज बाहेर डीपीवरच गेला असेल, तर त्याचा काय उपयोग?

रिलेतल्या, तापल्यावर वाकणाऱ्या द्विधातू पट्ट्यांमधून मोटरचाच करंट जातो. ७.५ वर लावलेला रिले त्या १३ अँपिअरला काही मिनिटांतच तापून कॉन्टॅक्टरची (मोटरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचची) कॉइल सोडतो. सुरुवातीचा झटका तो सहन करतो, कारण पट्टी वाकायला वेळ लागतो. शॉर्टसर्किटचा हजारो अँपिअरचा करंट तोडणं मात्र त्याचं काम नाही. रिले स्वतः काहीच तोडत नाही, तो फक्त कॉन्टॅक्टरला सोडायला लावतो. म्हणून दोन्ही हवेत: आधी एमसीबी, मग स्टार्टर.

रिलेची करंट ठरवायची चकती मोटरच्या नेमप्लेटवरच्या करंटवर ठेवा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (जो मोटर आधी कमी व्होल्टेजवर चालू करतो) रिले वाइंडिंगच्या बाजूला असेल, तर त्या आकड्याच्या ०.५८ पट. रिले वारंवार पडतो म्हणून चकती वर फिरवणं आणि किटकॅटमध्ये जाड तार घालणं, दोन्ही एकच. बेअरिंग, बेल्टचा ताण, व्होल्टेज आधी तपासा.

जागा कमी असेल तर एमपीसीबी, म्हणजे मोटरसाठीचा खास ब्रेकर, घ्या. त्यात दोन्ही कामं एका डबीत होतात आणि चकतीही असते. माणसाला शॉक लागला तर यातलं काहीच वाचवत नाही. त्यासाठी चांगलं अर्थिंग आणि आरसीसीबी (गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) वेगळे लागतात.